'कुक' हे क्रियापद आलं कुठून? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळेत 'कुक म्हणजे स्वयंपाक करणे' एवढं पाठ करून आपण पुढे जातो. पण या शब्दाचा माग काढत गेलं की आधी रोमन सैनिकांच्या छावण्या लागतात आणि आणखी मागे गेलं की आपल्याच घरातला साखरेचा पाक. भाषेची आवड असणारे आणि स्वयंपाकाची आवड असणारे, दोघेही याविषयी पुन्हा पुन्हा जे प्रश्न विचारतात, त्यांची ही उत्तरं.

'कुक' म्हणजे नेमकं काय? स्वयंपाक करणे हाच अर्थ ना?

जवळपास तोच, पण सीमा वेगळ्या आहेत. इंग्रजी 'कुक'ला उष्णता लागते. उकडणं, भाजणं, तळणं, वाफवणं, परतणं हे सगळं त्यात येतं, कारण प्रत्येकात विस्तव आहे. कोशिंबीर मात्र इंग्रजीत 'कुक' होत नाही, ती 'मेक' होते. आपल्याकडे 'स्वयंपाक झाला' म्हटलं की त्यात वरणभाताबरोबर कोशिंबीर, चटणी आणि ताकही आलं.

दुसरा फरक असा की 'कुक' हे सकर्मकही आहे आणि अकर्मकही. बाई भात 'कुक' करते आणि भातही स्वतः 'कुक' होत असतो. मराठीत या कामांसाठी रांधणे, शिजवणे, शिजणे, स्वयंपाक करणे असे वेगवेगळे शब्द हाताशी आहेत.

हा शब्द मूळचा इंग्रजी आहे का?

नाही. तो लॅटिनमधून घेतलेला आहे. लॅटिनमध्ये 'कोक्वेरे' म्हणजे शिजवणे आणि 'कोक्वुस' म्हणजे आचारी. बोलीभाषेत या दुसऱ्या शब्दाचं 'कोकुस' झालं आणि तोच जुन्या इंग्रजीत 'कोक' म्हणून शिरला. जर्मन लोकांचा 'कोख' आणि डच लोकांचा 'कोक' हे त्याचेच भाऊ.

तो एकटा आला नाही. इंग्रजीतला 'किचन' लॅटिन 'कोक्वीना'वरून आला, 'केटल' 'कातिल्लुस'वरून, 'डिश' 'दिस्कुस'वरून, 'चीज' 'कासेउस'वरून. 'पेपर', म्हणजे मिरी, हाही त्याच वाटेने आला, आणि त्याचा उगम तर संस्कृत 'पिप्पली'त आहे. भांडं, खोली, माणूस आणि मसाला असा सगळा संसारच रोमन लोकांकडून जर्मानिक टोळ्यांकडे, म्हणजे ज्यांच्या बोलींतून पुढे इंग्रजी, जर्मन आणि डच घडल्या त्या लोकांकडे गेला. शेजारी नवी चव आणतो तेव्हा तिची नावंही आणतो. पोर्तुगीजांमुळे मराठीत पाव, बटाटा आणि काजू आले ते असेच.

मग रोमन येण्याआधी ते लोक अन्न शिजवत नव्हते का?

शिजवत होते, आणि त्यासाठी त्यांचे स्वतःचे शब्दही होते. पाण्यात उकळायला 'सेओथान', भट्टीत भाजायला 'बाकान', विस्तवावर भाजायला 'ब्रॅदान'. 'बाकान'चं आजचं 'बेक' झालं. 'सेओथान'चं 'सीद' झालं आणि आज ते मुख्यतः रागाने आतून धुमसण्यासाठी वापरतात. १६११ च्या किंग जेम्स बायबलमध्ये मात्र करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नये ही आज्ञा याच 'सीद'ने सांगितली आहे. त्याचंच भूतकालवाचक धातुसाधित 'सॉडन' आज 'भिजून चिंब' या अर्थी उरलं आहे. त्यातला विस्तव विझला, पाणी तेवढं राहिलं.

प्रत्येक कृतीला शब्द होता, पण या सगळ्या कृतींना एका छत्राखाली घेणारा रोजचा शब्द नव्हता. ती जागा पुढे 'कुक'ने घेतली.

क्रियापद आधी की नाम आधी?

इंग्रजीत नाम आधी. 'कोक' म्हणजे आचारी हा शब्द जुन्या इंग्रजीत होताच, पण 'टू कुक' हे क्रियापद १४व्या शतकाच्या अखेरीस त्या नामावरून तयार झालं. म्हणजे 'कुक जे करतो ते'. म्हणूनच इंग्रजीत स्वयंपाक करणाऱ्या माणसाला 'कुकर' म्हणत नाहीत. 'बेक' करतो तो 'बेकर', पण 'कुक' करतो तो 'कुक'च. इंग्रजी शिकणारी मुलं इथे हमखास अडखळतात आणि त्यांचा तर्क अगदी बरोबर असतो. फक्त या शब्दाचा जन्म उलट्या दिशेने झालेला आहे.

संस्कृत 'पच्' आणि 'कुक' एकच आहेत असं म्हणतात. हे खरं की ओढूनताणून जुळवलेलं?

खरं आहे, आणि चांगलं भक्कम आहे. शंका येणं मात्र योग्यच, कारण 'पच्' आणि 'कुक' यांच्यात कानाला जाणवेल असं काहीच सारखं नाही. सारख्या आवाजावरून नाती जुळवणारे संदेश मोबाइलवर रोज फिरतात आणि त्यातले बहुतेक चुकीचे असतात. नातं आवाज सारखा असण्यावर ठरत नाही. आवाजातला फरक नियमाने पडलेला असावा लागतो.

तो नियम असा. भाषाशास्त्रज्ञांनी मूळ भारोपीय भाषेत, म्हणजे संस्कृत, ग्रीक, लॅटिन वगैरेंच्या समान पूर्वज भाषेत, 'पेक्व्' असा धातू मानला आहे. लॅटिनच्या पूर्वज बोलीत एक सवय होती: शब्दाच्या सुरुवातीला 'प' आणि पुढे 'क्व' असेल, तर त्या 'क्व'च्या ओढीने पहिला 'प'ही 'क्व' व्हायचा. त्यामुळे 'पेक्व्'चं 'क्वेक्व्' आणि मग 'कोक्व्' झालं. हे एकाच शब्दात घडलं असतं तर योगायोग म्हणता आला असता. पण पाच हा आकडा बघा. मूळ 'पेन्क्वे'. संस्कृतात 'पञ्च', ग्रीकमध्ये 'पेन्ते', लॅटिनमध्ये मात्र 'क्विन्क्वे'. 'पञ्च'चं जे 'क्विन्क्वे'शी नातं, तेच 'पच्'चं 'कोक्वेरे'शी.

वेल्श भाषेने तर गंमतच केली. तिथेही आधी दोन्ही 'क्व' झाले आणि नंतर दोन्हींचे 'प'. म्हणून वेल्शमध्ये 'पोबी' म्हणजे भट्टीत भाजणे आणि पाचाला म्हणतात 'पिंप'. जोडी तिथेही फुटली नाही. रशियनमध्ये 'पेच्' म्हणजे भाजणे आणि भट्टीही. लिथुआनियनमध्ये व्यंजनांची अदलाबदल होऊन 'केप्ती' झालं.

सर विल्यम जोन्स यांनी २ फेब्रुवारी १७८६ रोजी कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या एकाच उगमातून निघाल्या असाव्यात असं म्हटलं. ते कशाच्या जोरावर, हे ज्याला समजून घ्यायचं असेल त्याने 'पच्' आणि 'पञ्च' ही दोन उदाहरणं शेजारी ठेवावीत.

संस्कृतात 'पचति' पण 'पाक' आणि 'पक्व'. मध्येच 'च', मध्येच 'क' असं का?

मूळचा आवाज 'क'च्या घराण्यातला. पुढे 'ए'सारखा स्वर आला की तो 'च'कडे झुकला, इतरत्र 'क' राहिला. नंतर तो 'ए' स्वरच संस्कृतात 'अ' झाला, त्यामुळे कारण दिसेनासं झालं आणि परिणाम तेवढा उरला. 'वच्' आणि 'वाक्य', 'त्यज्' आणि 'त्याग', 'भुज्' आणि 'भोग' या जोड्या त्याच घडणीच्या.

शिजणं, पिकणं आणि पचणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांना एकच धातू कसा?

मला या शब्दाविषयी सगळ्यात जास्त सांगावंसं वाटतं ते इथेच. मूळ धातूचा अर्थ 'चुलीवर शिजवणे' एवढाच नव्हता. उष्णतेने कच्च्याचं तयार होणं, असा तो व्यापक अर्थ होता. भांड्यातलं धान्य विस्तवाने तयार होतं, झाडावरचं फळ उन्हाने आणि पोटातलं अन्न शरीराच्या उष्णतेने. जुन्या लोकांना या तिन्हींत एकच क्रिया दिसत होती.

भगवद्गीतेत दोन्ही टोकं सापडतात. तिसऱ्या अध्यायात 'ये पचन्त्यात्मकारणात्' असं आहे. जे फक्त स्वतःसाठी अन्न शिजवतात ते, म्हणजे इथला 'पच्' चुलीपाशी आहे. पंधराव्या अध्यायात 'अहं वैश्वानरो भूत्वा' या श्लोकाच्या शेवटी 'पचाम्यन्नं चतुर्विधम्' येतं. इथे तोच धातू जठरात आहे. भगवंत म्हणतात की प्राण्यांच्या देहातला अग्नी होऊन चार प्रकारचं अन्न मी पचवतो. एकाच ग्रंथात, एकाच धातूची दोन्ही रूपं. जेवणाआधी हा श्लोक म्हणणारी घरं महाराष्ट्रात आजही आहेत.

ग्रीकांचंही तसंच. 'पेपोन' म्हणजे पिकलेलं, 'पेप्सिस' म्हणजे पचन. ॲरिस्टॉटलच्या नावावर असलेल्या 'मिटिऑरॉलॉजिका'च्या चौथ्या भागात फळ पिकणं, पाण्यात उकळणं आणि विस्तवावर भाजणं हे 'पेप्सिस'चेच प्रकार म्हणून एका ओळीने समजावले आहेत. लॅटिनमध्येही 'कोंकोक्वेरे' म्हणजे पचवणे. त्यावरून आलेला 'कन्कॉक्ट' हा इंग्रजी शब्द पूर्वी वैद्यकात पचनासाठी वापरत, आज त्याचा अर्थ कसलं तरी मिश्रण किंवा बनाव रचणं असा झाला आहे.

आता मराठीकडे पाहा. आंबा पिकतो, शेत पिकतं, गळू पिकतं, केस पिकतात. हे सगळं 'पक्व'वरून प्राकृतातल्या 'पिक्क'मार्गे आलं. शेतातलं 'पीक' म्हणजे शब्दशः तयार झालेलं, पक्व. अन्न पचतं, अपमान पचवावा लागतो, लाटलेला पैसा काहींना पचतो आणि एखादं स्पष्टीकरण पचनी पडत नाही. ताटात 'पक्वान्न' असतं, कढईत 'पाक' असतो. इंग्रजीला शिजण्यासाठी 'कुक', पिकण्यासाठी 'राइप', पचण्यासाठी 'डायजेस्ट' असे तीन घरांतले तीन शब्द लागतात. आपल्याकडे एकाच घरात ते नांदताहेत, आणि बोलणाऱ्याला ते उचलण्यासाठी संस्कृत यावं लागत नाही.

मग आपण 'भात पचवला' म्हणजे 'शिजवला' असं का म्हणत नाही?

कारण मराठीपर्यंत येताना कामांची वाटणी झाली. 'पच्' पोटात गेला, 'पक्व' शेतात आणि झाडावर गेला, आणि चुलीवरची जागा 'शिजणे' या शब्दाने घेतली. 'शिजणे' आला संस्कृत 'सिध्यति'वरून, म्हणजे सिद्ध होणे, पूर्णत्वाला जाणे. भात शिजला म्हणजे भात सिद्ध झाला! शिजवलेल्या अन्नाला 'सिद्धान्न' म्हणतात ते त्यामुळेच. मला हा शब्द 'कुक'पेक्षा कितीतरी देखणा वाटतो.

'पाक' मात्र स्वयंपाकघर सोडून गेला नाही, तो 'स्वयंपाक' या शब्दातच बसून राहिला. स्वयं म्हणजे स्वतः, पाक म्हणजे शिजवणं. स्वतःच्या हाताने रांधून खाण्याच्या सोवळ्याच्या रीतीशी हा शब्द जोडलेला होता. आज दुसऱ्याकडून करून घेतला तरी तो 'स्वयंपाक'च.

संस्कृत व्याकरणाच्या पुस्तकांत सारखं 'पचति' का येतं?

विद्यार्थ्याला सहज कळणारी क्रिया म्हणून, आणि तिच्यात खोल प्रश्न दडलेला आहे म्हणूनही. पाणिनीच्या धातुपाठात 'डुपचष् पाके' अशी या धातूची नोंद आहे. पतंजलीने महाभाष्यात विचारलं की शिजवणं म्हणजे नेमकी कोणती क्रिया? त्याने ती उलगडून दाखवली: अधिश्रयण म्हणजे भांडं चुलीवर चढवणं, उदकासेचन म्हणजे पाणी ओतणं, तण्डुलावपन म्हणजे तांदूळ वैरणं, एधोपकर्षण म्हणजे सरपण सारणं. हे सगळं मिळून करणाऱ्याचं 'पचणं'. आणि तांदळाच्या बाजूने जे घडतं, त्याचं मऊ होणं, त्याला वैयाकरण 'विक्लित्ति' म्हणतात.

आधण ठेवून, तांदूळ वैरून, जाळ मागेपुढे करून भात केलेल्या कुणालाही ही यादी आजही तशीच ओळखीची वाटेल. क्रियापदाचा अर्थ करणाऱ्याच्या धडपडीत आहे की वस्तूत होणाऱ्या बदलात, हा प्रश्न पतंजलीने दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी भाताच्या भांड्यापाशी मांडला. 'कुक'चे सकर्मक आणि अकर्मक असे दोन उपयोग वर सांगितले, त्यांच्या मुळाशीही हाच प्रश्न आहे.

'कुकी' हा शब्द 'कुक'वरून आला का?

नाही, जरी तसं वाटलं तरी. 'कुकी' आला डच 'कूक्ये'वरून, म्हणजे छोटा केक. न्यूयॉर्कचा परिसर १६६४ पर्यंत डचांच्या ताब्यात होता, त्यामुळे अमेरिकेच्या इंग्रजीत तो रुळला.

'कुक'चा खरा नातलग आहे 'बिस्कीट'. लॅटिनमध्ये 'बिस' म्हणजे दोनदा, 'कोक्तुस' म्हणजे शिजवलेलं. दोनदा भाजून पाण्याचा अंश काढला की पदार्थ महिनोन्महिने टिकतो, म्हणून जहाजांवर तो नेत. आजची बिस्किटं एकदाच भाजतात. शब्दाच्या अर्थाला जागतो तो आपला चहात बुडवायचा टोस्ट, कारण तो आधी पाव म्हणून आणि मग काप करून पुन्हा भाजला जातो.

टोस्टचं निघालंच आहे तर हेही सांगतो: 'टोस्ट' ज्या धातूवरून आला त्याचा अर्थ सुकणे. त्यावरूनच इंग्रजी 'थर्स्ट', संस्कृत 'तृष्णा' आणि मराठी 'तहान'.

'कुक'चे आणखी कोणते नातलग आपल्या ओळखीचे आहेत?

'टेराकोटा' म्हणजे भाजलेली माती. 'क्विझीन' आणि 'किचन' तर उघडच आहेत. 'प्रिकोशस' म्हणजे वेळेआधी पिकलेला. लॅटिनमध्ये तो शब्द फळांसाठी होता, इंग्रजीत तो वयापेक्षा हुशार मुलांसाठी वापरू लागले.

ॲप्रिकॉट, म्हणजे जर्दाळू, हाही मुळात 'लवकर पिकणारा'. लॅटिनमधून ग्रीकमध्ये, तिथून अरबीत 'अल्-बर्कूक' होऊन, स्पेन-पोर्तुगालच्या वाटेने हा शब्द पुन्हा युरोपात शिरला. 'पम्पकिन' म्हणजे लाल भोपळा, तो ग्रीक 'पेपोन'वरून. पोटातलं अन्न पचवणारं द्रव्य 'पेप्सिन' जर्मन शास्त्रज्ञ थिओडोर श्वान यांनी १८३६ मध्ये शोधलं आणि त्याला पचनावरून नाव दिलं. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनामधले औषधविक्रेते केलेब ब्रॅडम यांनी आपल्या पेयाला १८९८ मध्ये 'पेप्सी-कोला' नाव दिलं, तेही याच ग्रीक शब्दाच्या घराण्यातलं.

आणि 'पक्का'?

तोही! संस्कृत 'पक्व'वरून 'पक्का'. भाजलेली ती पक्की वीट, आणि मग पक्का रस्ता, पक्का रंग, पक्का निश्चय. कंपनीच्या काळात इंग्रजांनी हा शब्द उचलला आणि 'पका' म्हणून अस्सल, उत्तम या अर्थी तो त्यांच्याकडे टिकला. हिंदुस्थानातल्या इंग्रजांच्या बोलीतले शब्द नोंदवणाऱ्या १८८६ च्या 'हॉब्सन-जॉब्सन' कोशात त्याची नोंद आहे. ब्रिटिश शेफ जेमी ऑलिव्हर यांच्या तोंडी तर तो कायम असायचा. 'कुक' आणि 'पका' असे एकाच धातूचे दोन नातू, एक रोममार्गे आणि एक हिंदुस्थानमार्गे, इंग्रजीत एकमेकांना भेटले.

गोव्यात आचाऱ्याला 'कुझनेर' म्हणतात. त्याचा 'कुक'शी संबंध आहे?

थेट आहे. पोर्तुगीज 'कोझिन्येइरो'वरून कोकणीत 'कुझनेर' आला आणि तो शब्दही लॅटिन 'कोक्वीना'चाच वंशज. लॅटिनची एक फांदी इंग्लंडला गेली, दुसरी लिस्बनहून मांडवीच्या काठी आली. पाव भाजणारा 'पोदेर' मात्र वेगळा, तो पोर्तुगीज 'पादेइरो'वरून.

इंग्लंडमध्ये 'कुकर' म्हणजे वेगळंच काही असतं का?

हो. तिथे घर भाड्याने घेताना 'कुकर आहे' असं वाचलं तर शेगडी आणि ओव्हन समजावं. आपण ज्याला कुकर म्हणतो, ज्याच्या शिट्ट्या मोजतो, तो तिथे 'प्रेशर कुकर' असं पूर्ण नाव घेतल्याशिवाय कळत नाही. वाफ कोंडून आत पाणी साधारण १२० अंश सेल्सियसपर्यंत तापवायचं, ही त्यामागची युक्ती. फ्रेंच संशोधक डेनी पापँ यांनी १६७९ मध्ये असं भांडं केलं, त्यात हाडंही मऊ होत. त्यांनी त्याला नाव दिलं 'डायजेस्टर', म्हणजे पचवणारा. चूल आणि पोट यांचं जुनं नातं असं एका धातूच्या भांड्यावर पुन्हा कोरलं गेलं.

हिशेब 'कुक' करणे म्हणजे काय?

आकड्यांत फेरफार करणे. हा अर्थ इंग्रजीत १७व्या शतकापासून आहे. गोष्ट 'कुक अप' करणे म्हणजे रचून सांगणे. आपणही 'त्यांचं काहीतरी शिजतंय' म्हणतो, पण मराठीत त्यात कटाचा वास असतो. इंग्रजीतलं 'व्हॉट्स कुकिंग?' हे नुसतं 'काय चाललंय?' असं मोकळेपणाने विचारणं आहे.

बॉइल, फ्राय आणि बेक हेही आपल्या शब्दांचे भाऊबंद आहेत का?

'बॉइल' नाही. तो लॅटिन 'बुल्ला' म्हणजे बुडबुडा यावरून, फ्रेंचमार्गे आला. 'बुल्ला' आणि 'बुडबुडा' दोन्ही पाण्याच्या आवाजाची नक्कल वाटतात, पण तेवढ्यावरून नातं सांगू नये. 'फ्राय' लॅटिन 'फ्रीगेरे'वरून आला आणि त्याचं संस्कृत 'भृज्ज्'शी, म्हणजे आपल्या 'भाजणे'शी, तसंच फारसी 'बिर्यान'शी नातं अनेक अभ्यासक मानतात. बिर्याणी त्या 'बिर्यान'वरूनच. हे 'पच्' आणि 'कुक'इतकं घट्ट बसवलेलं नाही. 'बेक' हा जर्मानिक भाषांचा स्वतःचा शब्द, त्याचा भाऊ ग्रीकमध्ये सापडतो, मराठीत नाही.